पंखातल्या तोफांचा नेम का लागत नाही: स्पिटफायर, मेसरश्मिट आणि झिरो उडवणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धाचं फ्लाइट सिम्युलेटर नव्याने हाती घेतलेला माणूस काही आठवड्यांत हमखास एकच तक्रार घेऊन येतो. स्पिटफायर हे ब्रिटिश फायटर घेतलं, शत्रूच्या शेपटीला चिकटलो, नेमाचा ठिपका बरोब्बर त्याच्या पाठीवर ठेवला, बटण दाबलं. ट्रेसरच्या, म्हणजे जळत जाणाऱ्या गोळ्यांच्या, दोन रेघा त्याच्या डाव्या-उजव्या अंगाने निघून गेल्या आणि तो पठ्ठ्या आरामात वळून पसार झाला. मग जॉयस्टिक बदलून होते, इंटरनेटवाल्याला फोन होतो आणि शेवटी गेमच खोटा आहे असा निष्कर्ष निघतो.

नवी जॉयस्टिक मागवायच्या आधी हे वाचा. दहातल्या आठ वेळा काहीच बिघडलेलं नसतं. तोफा १९४० साली जशा वागत होत्या तशाच वागत असतात, आणि त्या वेळच्या वैमानिकांनी आणि आर्मररांनी (हत्यारं सांभाळणाऱ्यांनी) अगदी याच तक्रारी केल्या होत्या. त्यांनी काढलेले उपायच आजही लागू पडतात.

आधी मूळ कारण. एका इंजिनाच्या विमानात नाकावर प्रॉपेलर फिरतो. त्याच्या पात्यांमधून गोळी सोडायची तर बंदूक इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवावी लागते, त्यात माऱ्याचा वेग घटतो, आणि नाकात जागाही बेताचीच. म्हणून ब्रिटिशांनी सरळ आठ मशीनगन आणि पुढे तोफा पंखांत, प्रॉपेलरच्या घेराबाहेर बसवल्या. स्पिटफायरच्या प्रॉपेलरचा व्यास तीन मीटरहून जास्त. म्हणजे तोफ विमानाच्या मध्यरेषेपासून साधारण दोन मीटर बाजूला जाते, आणि नेमाची काच मात्र वैमानिकाच्या नाकासमोर. दोन्ही तोफा किंचित आत वळवून त्यांच्या रेषा पुढे एका बिंदूत मिळवायच्या, एवढाच मार्ग उरतो. त्या बिंदूचं अंतर म्हणजे सिम्युलेटरच्या मेनूतलं ‘कन्व्हर्जन्स’. बहुतेक जण त्या आकड्याला कधी हातच लावत नाहीत.

अगदी जवळून मारलं तरी दोन्ही बाजूंनी जातं

हिशेब करून पाहू. तोफ मध्यरेषेपासून दोन मीटरवर, कन्व्हर्जन्स २५० मीटर. शत्रू १०० मीटरवर असेल, तर तिथे प्रत्येक तोफेचा मारा मध्यापासून अजून १.२ मीटर बाहेर असतो. दोन रेषांमध्ये २.४ मीटरचं भगदाड. मेसरश्मिट १०९ या जर्मन फायटरची बॉडी जेमतेम मीटरभर रुंद. ती त्या भगदाडातून अंगाला धक्का न लागता जाते. ५० मीटरवर भगदाड ३.२ मीटरचं होतं. म्हणजे जितके जवळ जाल तितका ठिपक्यावरचा भरवसा कमी.

आता उलटं बघा. २५० मीटरच्या पुढे रेषा एकमेकींना ओलांडतात आणि डावीकडची उजवीकडे जाते. ४०० मीटरवर पुन्हा तेच २.४ मीटर, ५०० वर चार मीटर. २०० ते ३०० मीटर या पट्ट्यातच दोन्ही तोफा एकाच वेळी बॉडीवर बसतात. तुम्ही शत्रूपेक्षा ताशी १८० किलोमीटर जास्त वेगाने जवळ येत असाल, तर हा शंभर मीटरचा पट्टा दोन सेकंदांत संपतो. ७४ स्क्वाड्रनचे दक्षिण आफ्रिकन वैमानिक ‘सेलर’ मलान यांच्या प्रसिद्ध दहा नियमांतला पहिलाच नियम एक-दोन सेकंदांचीच फैर झाडायला सांगतो, तो हा हिशेब मांडला की लगेच पटतो.

उपाय दोन. पहिला म्हणजे रिप्ले काढून बघणे. तुम्हाला वाटतं आपण २५० वर मारतो. रिप्लेत अंतर दाखवणारी सोय चालू करा आणि ट्रिगर दाबला त्या क्षणी थांबवा. बहुतेकांचा आकडा एकतर शंभरच्या आत निघतो, नाहीतर पाचशेच्या पुढे. जो निघेल त्याच्या आसपास कन्व्हर्जन्स आणा. वळणावळणाच्या झटापटीत २०० ते २५०, वरून सूर मारून निघून जाणाऱ्यांना ३००, जमिनीवरच्या लक्ष्यांना ४०० किंवा जास्त. इथून सुरुवात करायला हरकत नाही.

दुसरा उपाय हवेतला. फार जवळ गेलाच असाल तर ठिपका शत्रूच्या मधोमध ठेवू नका. एकाच तोफेचा विचार करा आणि ती बॉडीवर येईल इतका ठिपका बाजूला सरकवा. १०० मीटरवर सव्वा मीटर, म्हणजे त्याच्या पंखाच्या मुळापाशी. किंवा थोडे वरून या. नेमकं मागून पाहिलं तर पंख म्हणजे एक पातळ रेघ दिसते. जरा वरून पाहिलं की अख्खा पंख समोर पसरतो आणि भगदाडाच्या दोन्ही कडांना मारण्याजोगं काहीतरी येतं.

अंतर बरोबर वाटतं, पण गोळे खालून जातात

हा घोटाळा बॉम्बर मारायला जाणाऱ्यांचा. नेमाच्या काचेवरचं वर्तुळ किंवा आडव्या रेघेतली फट शत्रूच्या पंखविस्ताराशी जुळवून अंतर ओळखतात. ब्रिटिशांच्या रिफ्लेक्टर साइटवर (हीच ती नेमाची काच) त्यासाठी दोन चकत्या होत्या, एक अंतराची आणि एक पंखविस्ताराची. फायटरसाठी पंखविस्तार १० मीटर धरून डोळा तयार झालेला असतो. समोर हाइंकेल १११ हे जर्मन बॉम्बर येतं, त्याचा विस्तार २२.६ मीटर. ते फायटरइतकंच मोठं दिसतं तेव्हा डोळा म्हणतो २५० मीटर, प्रत्यक्षात असतं ५६५. अमेरिकन बॉम्बर बी-१७ असेल तर ३१.६ मीटर विस्तार, आणि खरं अंतर जवळपास ८०० मीटर.

५६५ मीटरवर आपल्या दोन तोफांचे मारे एकमेकांपासून पाच मीटर लांब गेलेले असतात. स्पिटफायरच्या २० मिलिमीटर हिस्पानो तोफेचा गोळा सेकंदाला साधारण ८५० मीटरने सुटतो. त्याला तिथे पोचायला किमान दोन-तृतीयांश सेकंद लागतो, तेवढ्यात तो दोन मीटरहून जास्त पडतो. तोफ वर उचलून बसवल्यामुळे त्यातला काही भाग भरून निघतो, तरी हवेचा अडथळा न धरताही मारा सव्वा मीटर खाली जातो. जर्मन वैमानिकही अमेरिकन बॉम्बरच्या आकाराला फसून फार लांबून मारा सुरू करत. उपाय साधाच. साइटवर पंखविस्तार बदलायची सोय असेल तर ती उड्डाणाआधीच लावा. नसेल तर पाठ करून ठेवा की बॉम्बरने वर्तुळ भरलं म्हणजे तो जवळ आलेला नाही, वर्तुळाबाहेर दोन्ही बाजूंनी सांडायला लागला म्हणजे आला.

रॉयल एअर फोर्सलाही हे अंतर ठेचकाळतच सापडलं. युद्धाच्या सुरुवातीला फायटर कमांडचा अधिकृत आकडा ४०० यार्ड होता, म्हणजे ३६६ मीटर. कल्पना अशी की बॉम्बरच्या मशीनगनच्या पल्ल्याबाहेरून मारावं, आणि गोळ्या जरा पसरल्या तर सरासरी नेमाच्या वैमानिकाच्याही काही लागतील. कागदावर ठीक होतं. प्रत्यक्षात मशीनगनच्या .३०३ इंची बारीक गोळ्या चारशे यार्डांवरून विखरून लागायच्या आणि बॉम्बर चाळण होऊनही घरी जायचं. १९४० च्या लढायांत मलानसारख्यांनी आपल्या बंदुका २५० यार्डांवर आणल्या आणि पुढे तोच नियम झाला. माझं मत विचाराल तर सिम्युलेटरमध्ये लांबचा कन्व्हर्जन्स ठेवण्याचा मोह हा त्याच जुन्या कल्पनेचा अवतार आहे: लांबून मारू, काहीतरी लागेल. तोफेला जेमतेम सहा-सात सेकंदांचा दारूगोळा असताना ही चैन परवडत नाही. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या हिस्पानोला ६० गोळ्यांचा ड्रम होता, मिनिटाला ६०० चा वेग धरला तर सहा सेकंदांत रिकामा.

मशीनगन लागते, तोफ लागत नाही

जपानी झिरो आणि मेसरश्मिट १०९ ई उडवणाऱ्यांची ही खास तक्रार. दोन्ही विमानांत नाकावर मशीनगन आणि पंखात २० मिलिमीटरच्या तोफा, दोन्ही तोफा ओर्लिकॉन घराण्यातल्या. हलक्या, सुटसुटीत, पण गोळा संथ. झिरोची टाइप ९९-१ आणि जर्मनांची एमजी एफएफ, दोघींचा गोळा सेकंदाला सुमारे ६०० मीटरने सुटतो. झिरोच्या नाकावरच्या ७.७ मिलिमीटर मशीनगनची गोळी मात्र ७५० च्या घरात.

लोक म्हणतात, तोफेचा गोळा जास्त पडतो म्हणून चुकतो. पडतो खरा, पण तो फरक किरकोळ आहे. दोघांचा नेम २०० मीटरवर जुळवला तर ४०० मीटरवर तो अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. खरी गंमत आडव्या जाणाऱ्या शत्रूवर मारताना होते. २५० मीटरवर मशीनगनची गोळी एक-तृतीयांश सेकंदात पोचते, तोफेचा गोळा त्यानंतर आठ-शतांश सेकंद उशिरा. शत्रू ताशी ४०० किलोमीटरने आडवा जात असेल तर तेवढ्या वेळात तो नऊ मीटर पुढे सरकतो, म्हणजे जवळपास एक अख्खं विमान. तुमच्या मशीनगनच्या ठिणग्या त्याच्या नाकावर उडताना दिसतात, तुम्ही खूश होऊन तोफ सोडता, आणि गोळे त्याच्या शेपटीमागच्या रिकाम्या हवेतून जातात. ४०० मीटरवर हाच फरक पंधरा मीटरांच्या आसपास होतो.

म्हणून मशीनगनने अंदाज घेऊन मग तोफ सोडायची ही सवय शेपटीमागून मारताना चालते, आडव्या माऱ्यात दगा देते. दोन्हींची बटणं वेगळी ठेवा. आडव्या शत्रूवर तोफ वापरायची तर मशीनगन जिथे लागते त्याच्या विमानभर पुढे ठिपका ठेवा, आणि २०० मीटरच्या बाहेर तर तोफेचं नावच काढू नका. या विमानांत कन्व्हर्जन्स १५० ते २०० च्या दरम्यान ठेवलेला बरा. जपान्यांनी पुढे टाइप ९९-२ ही जास्त वेगाची तोफ आणली. तुमच्या सिम्युलेटरमध्ये नंतरचं मॉडेल असेल तर ते घ्या, निम्मा त्रास तिथेच मिटतो.

जर्मनांनी वेगळा मार्ग काढला. १०९ एफ मध्ये पंखातल्या तोफा काढूनच टाकल्या आणि एकच तोफ इंजिनामधून, प्रॉपेलरच्या मधल्या भोकातून सोडली. नेमाला सोपी, कन्व्हर्जन्सची कटकट नाही. पण मारा कमी झाला म्हणून नामवंत फायटर वैमानिक आडोल्फ गॅलंड यांची तक्रार होती. त्यांनी स्वतःसाठी जास्त हत्यारं बसवलेली खास एफ विमानं करून घेतली. तितकेच नामवंत वैमानिक वेर्नर म्योल्डर्स यांना मात्र ती एकच मधली तोफ आवडली. नेम पक्का असलेल्याला मधली तोफ पुरते, बाकीच्यांना जास्त नळ्या हव्या असतात. हा वाद आजही तसाच चालू आहे. पुढे १०९ जी ला पंखांखाली दोन तोफांच्या गोंडोला (तोफ बसवलेले टांगते डबे) लावायची सोय आली तेव्हा हीच अडचण परतली: कन्व्हर्जन्स पुन्हा, वर विमान जड. गोंडोला फक्त बॉम्बरसाठी लावा. फायटरशी झुंजायचं असेल तर काढून ठेवा.

शत्रू सरळ समोर, तरी सगळा मारा एकाच बाजूला

दोन्ही तोफा एकाच अंगाला चुकत असतील तर कन्व्हर्जन्सला दोष देऊ नका. डॅशबोर्डवर काचेच्या वाकड्या नळीतली गोटी बघा. ती मध्यात नसेल तर विमान किंचित तिरकं घसरत चाललं आहे. नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे. ताशी ४७० किलोमीटर वेगाने तीन अंश तिरकं जाताना तोफेच्या गोळ्यालाही सेकंदाला सुमारे सात मीटरची बाजूची ढकल मिळते. समोरचं विमान सरळ जात असेल तर २५० मीटरपर्यंत पोचता पोचता गोळा दोन मीटर बाजूला गेलेला असतो. तीन अंश म्हणजे किती, तर खुर्चीत बसून जाणवतही नाही एवढं.

खऱ्या विमानात निदान बूड तरी सांगतं. इथे गोटीशिवाय दुसरं कोणी सांगणारं नाही. १०९ ला कॉकपिटमधून रडर (शेपटीचं उभं सुकाणू) ट्रिम करायची, म्हणजे ठरावीक जागी लावून ठेवायची, सोयच नव्हती, त्यामुळे वेग आणि इंजिनाची ताकद बदलली की पाय बदलावा लागतो. सूर मारताना थ्रॉटल ओढला आणि पाय तसाच राहिला, की मारा गेलाच. पेडल नसलेल्यांनी निदान जॉयस्टिकचा पिळा रडरला जोडून घ्या, आणि ट्रिगर दाबायच्या आधी नजर एकदा खाली गोटीवर न्यायची सवय लावा.

फैर मध्येच तुटते आणि विमान एका बाजूला ओढतं

इथे १९ स्क्वाड्रनची गोष्ट सांगायलाच हवी. १९४० च्या उन्हाळ्यात डक्सफर्डच्या या तुकडीला पहिली तोफवाली स्पिटफायर मिळाली, दोन हिस्पानो आणि मशीनगन एकही नाही. हिस्पानो मुळात इंजिनाच्या भक्कम धातूवर बसवण्यासाठी बनवलेली फ्रेंच तोफ. स्पिटफायरचा पंख पातळ, त्यात वरचा ड्रम मावेना, म्हणून तोफ चक्क कुशीवर आडवी घातली. झटापटीत पंख लवायचा, रिकामी काडतुसं नीट बाहेर पडायची नाहीत, तोफ अडकायची. एक अडकली आणि दुसरी चालू राहिली, की तिच्या धक्क्याने विमान त्या बाजूला ओढलं जायचं आणि उरलेल्या तोफेचाही नेम जायचा. वैमानिक इतके वैतागले की त्यांनी आठ मशीनगनवाली जुनी विमानं परत मागितली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना ती मिळालीही. ऐन बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये नवं हत्यार परत करून जुनं मागणं ही लहानसहान गोष्ट नव्हती. पुढच्या व्हीबी मॉडेलमध्ये तोफ सरळ उभी बसवली, पंखावर ड्रमसाठी फुगवटा दिला आणि सोबत चार मशीनगन ठेवल्या, तेव्हा कुठे प्रकरण मार्गी लागलं. व्हीसीमध्ये ड्रम जाऊन १२० गोळ्यांचे पट्टे आले.

ज्या सिम्युलेटरमध्ये तोफ अडकण्याचं गणित घातलेलं आहे, तिथे करायचं काय? कडक वळणात, जी-फोर्स जास्त असताना लांब फैर झाडू नका. स्टिक जरा सैल सोडा, मग मारा. एक तोफ गेलीच तर दुसरीवर हट्ट धरू नका, मशीनगनवर या. दुसरा पर्याय नसेल तर चालू तोफेच्या उलट बाजूचा रडर आधीच किंचित देऊन अगदी आखूड फैर सोडा. उंचावर तोफ गप्प बसत असेल तर थंडीचा परिणाम असू शकतो. ब्रिटिशांनी त्यासाठी रेडिएटरची गरम हवा पंखातल्या हत्यारांपर्यंत नेली होती. सगळी सिम्युलेटर हे दाखवत नाहीत.

जायरो साइटचा ठिपका पोहतो

१९४४ पासून ब्रिटिश विमानांत जायरो साइट, म्हणजे फिरत्या भोवऱ्यावर चालणारी नेमाची काच, आली, अमेरिकनांची के-१४ तिचीच बहीण. ती शत्रूच्या किती पुढे मारायचं ते स्वतः काढते. अमेरिकन मस्टँग फायटरवाले तिला शिव्या घालतात त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: पंखविस्तार लावलेला नसतो. आधी शत्रूचा विस्तार लावा, मग थ्रॉटलची मूठ पिळून हिऱ्यांचं कडं त्याच्या पंखांना टेकवा, आणि स्टिकला हिसके न देता सेकंदभर त्याला कड्यात धरून ठेवा. जायरोला शत्रूच्या वळणाचा वेग कळायला तेवढा अवधी लागतो. तुम्ही स्टिक झटकली तर तो तुमच्या झटक्याचाच हिशेब करतो. अगदी जवळच्या धावपळीत मात्र स्थिर वर्तुळावर परत या.

मोठी तोफ, दुसरा गोळा जमिनीत

ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची आराकान किंवा इंफाळची मोहीम उडवणाऱ्यांसाठी. तिथे ब्रिटिश बनावटीची हरिकेन फायटर सगळीकडे होती. अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन १९४४ मध्ये इंफाळला हरिकेनच उडवत होती. ब्रिटिशांच्या २० स्क्वाड्रनकडे मात्र हरिकेन टू-डी होती, पंखांखाली ४० मिलिमीटरच्या दोन व्हिकर्स एस तोफा, प्रत्येकी पंधरा गोळे. तोफा खाली टांगलेल्या असल्याने सुटताना धक्का विमानाचं नाक खाली दाबतो. ट्रिगर दाबून धरला तर पहिली जोडी लक्ष्यावर जाते आणि दुसरी त्याच्या बरीच अलीकडे चिखलात. खऱ्या वैमानिकांनाही प्रत्येक जोडीनंतर नाक वर आणून पुन्हा नेम घ्यावा लागायचा. त्यासाठीच दोन .३०३ मशीनगन ट्रेसरसह ठेवल्या होत्या: आधी ट्रेसर लक्ष्यावर पडताना बघा, मग ४० ची एकच जोडी सोडा, नाक सावरा, पुन्हा ट्रेसर. एका फेरीत दोन-तीन जोड्या नीट सुटल्या तरी भरपूर. चौथीच्या नादात झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष राहत नाही, आणि या विमानात वर उचलायला लागणारा वेळ मशीनगनवाल्या हरिकेनपेक्षा जास्त धरा.